मुलींचं रग्बी, आमचा क्लब आणि तुमचे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या महिला रग्बी क्लबला रोज कुणी ना कुणी काहीतरी विचारत असतं. बरेचसे प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, काही जणी मैदानाच्या फाटकाशी घुटमळत विचारतात, तर काही प्रश्न थेट आयांचे असतात. सुरुवातीला आम्ही ६ जणी होतो. आता रविवारच्या सरावाला ३५-४० जणी असतात, त्यामुळे प्रत्येकीला वेगळं उत्तर देणं होत नाही. म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलंय. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तेही वाचा.

१. रग्बी म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना?

नाही, तो अमेरिकन फुटबॉल. रग्बीत हेल्मेट नसतं, खांद्यावर कडक कवच नसतं. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचं आणि प्रतिस्पर्ध्यांच्या ट्रायलाइनपलीकडे, म्हणजे त्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे, जमिनीला टेकवायचा. हा झाला ट्राय, त्याचे ५ गुण. त्यानंतर चेंडू किकने खांबांमधून घातला की आणखी २. पेनल्टी किक (समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळते ती) किंवा ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडूला टप्पा देऊन मारलेली किक) खांबांमधून गेला तर ३.

गंमत एका नियमात आहे: हातातून पास करायचा तो मागेच. पुढे जायचं तर स्वतः पळायचं किंवा किक मारायची. त्यामुळे चेंडू जिच्या हातात आहे तिच्या मागे कुणीतरी सतत धावत असावं लागतं, नाहीतर ती एकटी सापडते. नवीन मुलीला आम्ही पहिला तासभर एवढंच शिकवतो.

२. सात जणींचं आणि पंधरा जणींचं रग्बी यात फरक काय? तुम्ही कुठलं खेळता?

मैदान तेच, नियम बहुतांशी तेच, पण खेळ निराळा. सेव्हन्समध्ये एका बाजूला ७ जणी आणि ७-७ मिनिटांचे दोन भाग. ऐकायला कमी वाटतं, पण एवढं मोठं मैदान सात जणींनी झाकायचं म्हणजे दुसऱ्या भागात पाय शिशाचे होतात. पंधराच्या खेळात ४०-४० मिनिटं, स्क्रम (दोन्ही संघांनी वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकींना ढकलणं) आठ-आठ जणींचा, आणि सामन्याला २३ जणींचा ताफा लागतो.

भारतातले बहुतेक महिला क्लब सेव्हन्सने सुरुवात करतात. बारा जणी जमल्या (७ आत, ५ बदली) की संघ होतो. शिवाय २०१६ च्या रिओपासून ऑलिंपिकमध्ये आहे ते सेव्हन्सच. आम्ही वर्षभर सेव्हन्स खेळतो आणि पावसाळ्यात जमिनीला मऊपणा आला की पंधराचा सराव घेतो.

३. भारतात बायका रग्बी कधीपासून खेळायला लागल्या?

खेळ आपल्याकडे जुना आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७२-७३ चा, नावात फुटबॉल असलं तरी रग्बीचा. तो बंद करायची वेळ आली तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी त्या कलकत्ता कपासाठी खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरही रग्बी अनेक पिढ्या चाललंय. पण हे सगळं पुरुषांचं.

महिलांचं खरं पान उघडलं ते या शतकात. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत महिलांचं सेव्हन्स पहिल्यांदा आलं आणि त्यात भारताचा संघ होता. २०१२ मध्ये आशियाई महिला सेव्हन्स स्पर्धा आपल्या पुण्यात झाली. पंधराच्या खेळात भारतीय महिला पहिल्यांदा उतरल्या २०१८ मध्ये, सिंगापूरला. आणि २०१९ च्या जूनमध्ये मनिलात त्यांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधराच्या खेळातला हा भारतीय महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. शेवटची निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. कर्णधार होती वाहबिझ भरुचा, आपल्या पुण्याची आणि व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. २०१८ ते २०१९, म्हणजे मध्ये एकच वर्ष. हा सामना मी सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते आणि सांगत राहणार.

जगाचंही सांगते. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला. तो भरवला लंडनच्या रिचमंड क्लबच्या चार बायकांनी, आपापली नोकरी-घर सांभाळून. खेळणाऱ्या संघांनी स्वतःच्या खिशातून खर्च केला. त्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन २०२५ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, आणि त्याच वर्षी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर विश्वचषकाचा इंग्लंड-कॅनडा अंतिम सामना ८१,८८५ लोकांनी बसून पाहिला. हौशी क्लबच्या चार बायकांनी सुरू केलेलं काम कुठपर्यंत गेलं, बघा.

४. मी शाळेत पीटीच्या तासालाही बाकावर बसायचे. मला जमेल का?

जमेल. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुली अशाच आल्या. पहिले चार रविवार टॅकल (चेंडूवालीला पकडून खाली पाडणं) नसतोच. चेंडू पकडणं, मागे पास देणं आणि टच रग्बी, म्हणजे नुसता हात लावला की झालं. त्यानंतर पडायचं कसं हे शिकवतो: आधी गुडघ्यांवरून, मग उभ्याने, मग चालत. हनुवटी छातीला, चेंडू पोटाशी, हात जमिनीवर टेकवायचा नाही. पडण्याची भीती गेली की निम्मं रग्बी आलं.

५. वजन किती हवं? मी फार बारीक आहे / मी फार जाड आहे.

हे दोन्ही प्रश्न जवळजवळ सारख्याच संख्येने येतात, म्हणून एकत्र घेतले. रग्बीइतकी सगळ्या अंगकाठ्यांना जागा देणारे खेळ कमीच. स्क्रमच्या पहिल्या फळीत कडेला असते त्या प्रॉपला वजन आणि ताकद हवी, स्क्रममधून चेंडू काढून देणारी स्क्रम-हाफ बहुधा बुटकी आणि चपळ, बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकतात त्या लाइनआउटला उंच मुलगी, विंगवर म्हणजे मैदानाच्या कडेला पळणारी. ज्या मुलीला आयुष्यभर ‘कमी जेव’ एवढंच ऐकवलं गेलं, ती पहिल्यांदा स्क्रममध्ये उभी राहते आणि बाकीच्या सात जणी तिच्या जोरावर विसंबून असतात. त्या वेळी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. आम्ही कुणालाही वजन कमी करायला सांगत नाही. काट्यावर उभं करत नाही.

६. मी आठ वर्षं कबड्डी खेळले (किंवा खो-खो). त्याचा इथे उपयोग होईल का?

फार होईल. महाराष्ट्रातल्या मुलींची ही खरी शिदोरी आहे आणि आपण ती पुरेशी वापरत नाही असं माझं ठाम मत आहे.

कबड्डीवाल्या मुलीला अंगाला अंग भिडण्याची भीती नसते, आणि रग्बीत नव्या मुलीचा सगळ्यात मोठा अडसर तोच असतो. घोट्याची पकड, मांडीची पकड तुमच्या हातात बसलेली असते. पाय अडवून पाडणं चालत नाही, पण दोन्ही हातांनी घोटे आवळून पाडणं हा चोख टॅकल आहे. साखळी करून दोघींनी कोपरा बंद करायचा, चढाईवाल्याच्या कमरेकडे बघायचं, डोळ्यांकडे नाही, हे सगळं जसंच्या तसं चालतं.

मोडायच्या सवयी दोन. पहिली, पकड सोडणं. कबड्डीत पकडलं की पंचांची शिट्टी होईपर्यंत सोडायचं नसतं. इथे गडी खाली आला की ताबडतोब सोडायचं, नाहीतर पेनल्टी. दुसरी सवय उलट्या बाजूची: चढाईत पकडलं गेल्यावर तुम्ही मध्यरेषेकडे सरपटत झेपावता. इथे पकडून खाली पाडलं की तिथेच चेंडू आपल्या बाजूला मोकळा करायचा. आमच्याकडे सांगलीकडून आलेली एक मुलगी पहिल्या तीन सामन्यांत दर वेळी चेंडू कवटाळून सरपटत राहायची आणि पंच हात वर करायचे. मग सरावात आम्ही तिला रोज वीस वेळा पाडलं आणि प्रत्येक वेळी ‘ठेव!’ असं ओरडलो. आता ती स्वतः नव्या मुलींना ‘ठेव!’ म्हणून ओरडते.

खो-खोवाल्यांना हुलकावणी आणि सूर मारणं आयतं येतं. रेषेपाशी सूर मारून चेंडू टेकवायचा म्हणजे खांबापाशी गडी टिपल्यासारखंच. त्यांना विंगवर टाका, विचारही करू नका.

७. दुखापती किती होतात? खरं सांगा.

खरं सांगते. खरचटणं, मुका मार, बोट मुरगळणं हे चालूच असतं. घोटा लचकणं अधूनमधून. हाड मोडणं क्वचित, पण होतं. जास्तीत जास्त दुखापती टॅकलमध्ये होतात, आणि त्यातही टॅकल करणारीचं डोकं चुकीच्या बाजूला गेलं तर. म्हणून ‘डोकं बाजूला, गाल पाठीला’ हे आम्ही एखाद्या पाढ्यासारखं घोकून घेतो. नियमाने खांद्याच्या वर पकडता येत नाही. बऱ्याच देशांनी क्लबच्या खेळात ती मर्यादा आणखी खाली, छातीच्या हाडाच्या टोकाखाली आणली आहे. आम्ही सरावात तीच पाळतो.

बायकांच्या बाबतीत गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध पुरुषांपेक्षा जास्त वेळा दुखावतो. उडी मारून उतरणं, अचानक वळणं, एका पायावर बसणं-उठणं असा पंधरा मिनिटांचा व्यायाम सरावाआधी नेमाने केला तर धोका बराच कमी होतो. आमच्याकडे तो चुकवणारीला त्या दिवशी टॅकल मिळत नाही, मग ती कितीही जुनी असो. मानेचे व्यायामही त्यातच येतात. डोक्याच्या दुखापतीबद्दल पुढच्या प्रश्नात.

८. डोक्याला लागलं पण मुलगी ‘ठीक आहे’ म्हणतेय. खेळू द्यायचं का?

नाही. तिला लगेच बाहेर घ्यायचं आणि त्या दिवशी परत आत सोडायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचं. सामना खेळायला किमान २१ दिवस थांबायचं आणि तेही टप्प्याटप्प्याने: आधी चालणं, मग पळणं, मग चेंडू, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच टॅकल. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, एका बाजूला मुंग्या यापैकी काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल.

हे मी इतकं ठासून लिहितेय कारण आमच्याकडून चूक झालेली आहे. दुसऱ्या वर्षी एका मुलीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं. ती हसत उठली, आम्ही पाणी दिलं आणि ती खेळली. संध्याकाळी तिच्या बहिणीचा फोन आला की ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतेय. ती बरी झाली, पण पुढचे तीन आठवडे तिला मोबाइलचा उजेडसुद्धा सहन होत नव्हता. तेव्हापासून एक जण फक्त बघण्यासाठी काठावर उभी असते. तिने हात वर केला की प्रशिक्षकाचंही चालत नाही.

९. साहित्य काय लागतं आणि खर्च किती?

पहिल्या महिन्यात काहीच नाही. टीशर्ट, ट्रॅकपँट, साधे बूट पुरे. टॅकल सुरू होण्याआधी गमशिल्ड हवंच. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचं मिळतं ते चालतं. नीट बसलं नसेल तर बोलताना गळून पडतं, मग पुन्हा गरम पाण्यात घाला. फुटबॉलचे स्टडवाले बूट चालतात, फक्त अगदी टोकाला एकच स्टड असलेला बूट नियमाने चालत नाही. क्लबच्या पत्र्याच्या पेटीत जुने बूट आहेत, ते वापरा. वर्गणी ज्या मुलीला जमत नाही तिच्याकडून आम्ही घेत नाही, आणि कोण देतं, कोण नाही हे फक्त खजिनदाराला माहीत असतं.

१०. मंगळसूत्र, नथ, कानातलं, हिजाब, चष्मा यातलं काय चालतं?

दागिना एकही नाही. मंगळसूत्र, पैंजण, चमकी, अंगठी सगळं काढायचं. चिकटपट्टी लावून झाकलेलंही चालत नाही, कारण त्यात दुसरीचं बोट अडकू शकतं. नुकतीच नाक टोचलेली मुलगी असेल तर ती भरून येईपर्यंत टच रग्बी खेळावं.

मंगळसूत्राचं आम्ही हलकं घेत नाही. काही जणींना ते काढताना जीव खालीवर होतो, आणि ते समजण्यासारखं आहे. आमच्याकडे एक स्टीलचा डबा आहे, आत मऊ कापड आणि नाव लिहिलेल्या छोट्या पिशव्या. एका खेळाडूच्या सासूबाई दर सामन्याला येतात आणि तो डबा मांडीवर घेऊन बसतात. ही व्यवस्था त्यांनी स्वतःहून लावली. सामना संपला की हात धुऊन त्यांच्यासमोर रांग लागते.

डोक्याला स्कार्फ किंवा हिजाब चालतो, फक्त त्यात टाचणी नको आणि तो दुसरीला धोकादायक नसावा. शॉर्ट्सखाली लांब टाइट्सही महिलांना नियमानेच चालतात, तेव्हा पाय उघडे राहतील म्हणून कुणी घरी बसायचं कारण नाही. नेहमीचा चष्मा चालत नाही. लेन्स किंवा रग्बीसाठी मान्य असलेले गॉगल वापरा.

११. घरचे नाही म्हणतात. आईला काय सांगू?

खोटं सांगू नका, ही पहिली विनंती. ‘क्लासला जाते’ म्हणून आलेल्या मुलीचा घोटा लचकला की घरच्यांचा राग खोटं बोलल्यावर निघतो आणि खेळ कायमचा बंद होतो.

घरच्यांच्या ‘नाही’च्या आत बहुधा तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. लागेल ही भीती. ‘लोक काय म्हणतील, चेहऱ्यावर खूण राहिली तर स्थळं कशी येणार’ ही दुसरी. आणि तिसरी, जी फारशी बोलली जात नाही: तिथे कोण असतं, ती परत कशी येते, प्रशिक्षक कोण आहे. आमचा अनुभव असा की तिसरीचं समाधान झालं की पहिल्या दोन आपोआप ढिल्या होतात. म्हणून आईला सरावाला घेऊन या. फोन नंबर दोघी प्रशिक्षकांचे घ्या. परत जाताना एका दिशेच्या मुली एकत्र निघतात आणि शेवटची घरी पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय ग्रुप झोपत नाही, हे त्यांना सांगा.

एक आई सलग चार रविवार जाळीबाहेर पिशवी धरून उभी राहिली, आत आली नाही. पाचव्या रविवारी रेषा आखायची फक्की संपत आली होती आणि मी एकटीच होते. त्या आत आल्या, डबा हातातून घेतला आणि उरलेली बाजू सरळ रेषेत मारून दिली. मग विचारलं, ‘ती पडली की इतकी पटकन उठते, हे तुम्ही शिकवलंत?’ मुलगी आजही खेळते. अर्थात प्रत्येक घरी असं होत नाही. काही मुली आम्ही गमावल्या आहेत.

वय १८ च्या आत असेल तर पालकांची लेखी संमती लागतेच, त्याला पर्याय नाही.

१२. पाळीच्या दिवसांत खेळता येतं का?

तुम्हाला बरं वाटत असेल तर येतं, नसेल तर काठावर बसा, कारण सांगायची गरज नाही. आमच्या शॉर्ट्स गडद निळ्या आहेत त्या याच कारणासाठी. पॅड्स पेटीत असतात, विचारून घ्यायचे नसतात.

१३. वय ३६, दोन मुलं. बाळंतपणानंतर परत खेळता येईल? आणि गरोदरपणी?

गरोदर असल्याचं कळल्यापासून टॅकल, स्क्रम सगळं बंद. बाळंतपणानंतर पळण्यासाठीसुद्धा किमान १२ आठवडे थांबावं, आणि डॉक्टर व ओटीपोटाच्या स्नायूंचं जाणणारी फिजिओ यांनी पाहिल्यावरच. सिझेरियन झालं असेल तर घाई आणखी कमी. शिंकताना, उडी मारताना लघवी सुटत असेल तर ते ‘होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नका, त्यावर व्यायाम आहेत.

वयाची वरची मर्यादा आमच्याकडे नाही. आमच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूने ३९ व्या वर्षी सुरुवात केली. लहान मुलं घेऊन या, कुणीतरी सांभाळतं.

१४. मुलांबरोबर खेळता येतं का?

टच रग्बी बिनधास्त. टॅकलचा खेळ मोठ्यांमध्ये नाही, तो वेगवेगळाच. मुलांच्या संघाबरोबर आम्ही पासिंग आणि किकचा सराव एकत्र करतो, त्याचा फायदा होतो.

१५. तुमचा क्लब इतका वाढला कसा? आमच्याकडे मुली येतात आणि निघून जातात.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग हेच उत्तर आहे. आम्हीही बराच काळ मुली ‘आणण्याच्या’ मागे होतो. तिसऱ्या वर्षी कॉलेजांत फिरलो, पोस्टर लावली, चाळीसेक नावं जमली. दोन महिन्यांनी त्यातल्या पाच उरल्या. आम्ही खचलो. पुन्हा कॉलेजांत फिरायचं ठरत होतं, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, आधी गेलेल्यांना फोन करूया.

ते फोन मी आयुष्यात विसरणार नाही. मला वाटलं होतं, लागल्यामुळे गेल्या असतील. लागल्यामुळे गेलेल्या दोनच. बाकीच्यांची कारणं अशी: सराव संपायला साडेसात वाजायचे आणि त्यानंतरची बस अर्ध्या तासाने. मैदानावर संडास नाही, त्यामुळे मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. पहिल्याच दिवशी एका जुन्या खेळाडूने आपटलं आणि कुणी जवळ आलं नाही. परीक्षेसाठी महिनाभर सुट्टी घेतली आणि नंतर ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ’ असं वाटलं. हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त जणींनी सांगितलं.

मग आम्ही सराव सकाळी साडेसहाला नेला. शेजारच्या शाळेकडे विनंती करून संडासाची किल्ली मिळवली. त्यासाठी सात महिने हेलपाटे घातले, आणि क्लबसाठी केलेल्या कामांत मला सगळ्यात जास्त अभिमान त्या किल्लीचा आहे. प्रत्येक नवीन मुलीला एक जुनी जोडीदार दिली. तिचं काम पहिले दोन महिने तिच्याच समोर उभं राहणं आणि ती नाही आली तर त्याच दिवशी फोन करणं. फोनवर ‘का आली नाहीस’ विचारायचं नाही, ‘पुढच्या रविवारी आहेस ना’ एवढंच. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांसाठी आम्हीच सराव अर्धा करतो, म्हणजे कुणाला गैरहजर वाटायला नको.

आणि ज्यांना खेळायचं नाही त्यांनाही धरून ठेवलं. गुडघा गेलेली एक मुलगी आता पंच आहे. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे नियम आणि प्रथमोपचाराचे प्राथमिक कोर्स ऑनलाइन फुकट आहेत, तिथून तिने सुरुवात केली. दुसरी हिशोब बघते. खेळ थांबला की क्लब सुटलाच पाहिजे असं नाही.

त्यानंतर आम्ही एकही पोस्टर लावलेलं नाही. नव्या मुली जुन्यांबरोबर येतात.

१६. आमच्या तालुक्याच्या गावी क्लब सुरू करायचा आहे. किमान काय लागेल?

५-६ मुली, दोन चेंडू, फुटबॉलचं अर्धं मैदान आणि ज्याच्याशी सगळ्यांचं पटतं असं एक माणूस. खांब नसले तरी अडत नाही, ट्रायसाठी रेषाच लागते. जमिनीवर मुरूम किंवा खडी असेल तर टॅकल करू नका. नांगरलेलं शेत किंवा नदीकाठची वाळू त्यापेक्षा कितीतरी बरी, फक्त आधी अनवाणी चालून काचा-काटे वेचा. सहा महिने टच रग्बी खेळा. मग राज्य संघटनेकडे नोंदणीचं विचारा. राज्य संघटनेमार्फतच राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांचा रस्ता जातो. संडासाची किल्ली पहिल्या आठवड्यात मिळवा (प्र. १५).

१७. सामन्याच्या दिवशी मुली कमी पडल्या, किंवा पहिल्या फळीची मुलगी जखमी झाली, तर काय?

सेव्हन्समध्ये संघ १२ चा असतो, ७ आत आणि ५ बदली. कमी असाल तर सामन्याआधी आयोजकांशी बोला. मैत्रीपूर्ण सामन्यात समोरच्या संघाकडून दोघी-तिघी मागून घेणं यात कमीपणा काही नाही, आम्ही अनेकदा घेतल्या आणि दिल्या आहेत.

पंधराच्या खेळात पहिल्या फळीचा प्रश्न नाजूक आहे. प्रॉप आणि दोन प्रॉपच्या मधली हूकर या जागांवर तिथे शिकलेलीच मुलगी हवी, कारण मानेवर भार येतो. बदली शिकलेली मुलगी नसेल तर पंचांना सांगायचं. मग स्क्रम न ढकलता होतो: जागा घ्यायच्या, पण जोर लावायचा नाही, आणि ज्यांनी चेंडू आत घातला त्यांनाच तो मिळतो. ‘ती धडधाकट आहे, उभी राहील’ म्हणून विंगवरच्या मुलीला प्रॉप करू नका. सामना हरलात तरी चालेल.

१८. मी हॉस्टेलवर असते, सुट्टीत गावी जाते. दोन क्लबकडून खेळता येईल का?

सराव कुठेही करा. एका स्पर्धेत मात्र एकाच संघाकडून. जिल्हा किंवा राज्य निवडीसाठी कुठला जिल्हा धरायचा हे नावनोंदणीच्या आधीच दोन्ही प्रशिक्षकांना समोरासमोर सांगा. नंतर कळलं तर दोन्हीकडे मन दुखावतं.

१९. यातून नोकरी मिळते का?

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण कुठली स्पर्धा, कुठलं स्थान, प्रमाणपत्र कुणी दिलेलं, यावर सगळं ठरतं आणि त्याची पडताळणी क्रीडा खातं करतं. तुमचं प्रमाणपत्र त्यात बसतं का हे जिल्हा क्रीडा कार्यालयात आधी जाऊन विचारा, अर्जाच्या शेवटच्या दिवशी नाही. प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत घरी ठेवा.

फक्त नोकरीसाठी खेळायला येणाऱ्या मुलीला आम्ही अडवत नाही. घरची गरज ही खरी गरज असते. बिहारची स्वीटी कुमारी धावण्याच्या शर्यतींमधून रग्बीत आली आणि २०१९ साठी जगातल्या उदयोन्मुख महिला खेळाडूचा स्क्रमक्वीन्स या महिला रग्बीच्या वेबसाइटचा पुरस्कार घेऊन गेली. २०२५ मध्ये तिच्याच राज्यात, राजगीरला, वीस वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धा झाली आणि आपल्या मुलींनी कांस्य जिंकलं. वाट तयार होतेय, पण ती सरळ नाही, हे माहीत असू द्या.

२०. मी दोन वर्षांपूर्वी तीन रविवार आले होते. मग आलेच नाही. आता आले तर चालेल का?

चालेल. कुणी काही विचारणार नाही. तुमचं नाव वहीत अजून आहे, आम्ही खोडत नाही. पहिला महिना पुन्हा प्र. ४ प्रमाणे, टच रग्बीपासून. रविवारी सकाळी साडेसहा, मागच्या फाटकाने या, पुढचं आठपर्यंत बंद असतं. येताना पाण्याची बाटली आणा. बूट नसतील तर पेटीत ३८ आणि ३९ नंबरचे दोन जोड आत्ता मोकळे आहेत.